नोंदीत गाव जोडलेलं, घरात इंटरनेट नाही: नेमकं अडतं कुठे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही भोर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गट ग्रामपंचायतीचे सदस्य आहात. सरकारी यादीत तुमची पंचायत ‘जोडलेली’ आहे. कार्यालयात पेटी बसवलेली आहे, पण तिचा दिवा लागत नाही. पुण्यातली एक छोटी कंपनी स्वतःच्या खर्चाने फायबर आणायला तयार आहे, मात्र परवानगीची फाईल चार खात्यांत फिरते आहे. तुम्ही विचारलंय की सरकारकडे नीट माहितीच नाही का, खात्यांचा आपसात मेळ का बसत नाही, आणि जिल्ह्याकडे आपण नेमकं मागायचं काय.

फायबरचे मार्ग आखणं आणि त्यांचे नकाशे करणं हे माझं काम. आधी ठेकेदाराच्या बाजूने केलं, आता स्थानिक संस्थांच्या बाजूने करतो, त्यामुळे दोन्हीकडच्या सबबी मला पाठ आहेत. माझं मत असं की सरकारकडे माहिती कमी नाही. ती चुकीच्या मापाने मोजलेली आहे, आणि ती खरी राहिली नाही तर कुणाचंच बिल अडत नाही. खात्यांमधल्या मेळाचीही तीच गत आहे.

आधी माप. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर केलं, तेच पुढे भारतनेट झालं. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणं हे त्याचं उद्दिष्ट. म्हणजे मोजायचं एकक पहिल्या दिवसापासून ग्रामपंचायत हेच होतं. मैदानी भागात, जिथे एक पंचायत म्हणजे एक सलग गाव, तिथे हे एकक चालून जातं. भोर, राजगड (पूर्वीचं वेल्हे), मुळशीच्या डोंगरात एका गट पंचायतीखाली दोन-तीन महसुली गावं, प्रत्येकाच्या पाच-सात वाड्या आणि वरती पठारावर एखादा धनगरवाडा. फायबर येतं ते कार्यालय असलेल्या गावठाणात. गावात टाकी बांधली म्हणजे घरोघर नळ आला असं कुणी म्हणत नाही. इथे मात्र नोंद तशीच होते.

त्यातही ‘जोडलेली’ हा शेरा एकदाच लागतो. उपकरण बसलं, चाचणी झाली, बिल निघालं की रकाना भरला. पुढे कार्यालयाचं वीजबिल थकलं, बॅटरी गेली, रस्ता रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडली, किंवा कुणी पेटीचा प्लग काढून तिथे मोबाईल चार्जिंगला लावला, तरी रकाना तसाच राहतो. नेटवर्कच्या देखरेख यंत्रणेत कोणती ओएनटी, म्हणजे कार्यालयातली ती फायबरची पेटी, चालू आहे आणि कोणती कधीपासून बंद आहे हे दिसतं. म्हणजे माहिती आहेच. फक्त ती बैठकीत ठेवल्या जाणाऱ्या तक्त्यात येत नाही. तक्त्यात येते ती ‘जोडलेल्या’ पंचायतींची संख्या, आणि ती संख्या कधी कमी होत नाही. जी संख्या फक्त वाढतच जाते, तिच्यावरून कारभार कसा चाललाय हे ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत दूरसंचार नियामक अनेक वर्षं कंपन्यांकडून जनगणनेच्या गटनिहाय माहिती घेत असे. गटातल्या एका जरी घराला कंपनी सेवा देऊ शकत असली, तरी सगळा गट ‘सेवा आहे’ या रंगात रंगवला जायचा. ग्रामीण भागातले गट मोठे, त्यामुळे तिथलीच घरं नकाशातून गायब झाली. २०२० मध्ये कायदा करून त्यांना पद्धत बदलावी लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या नव्या नकाशात एकेक इमारत हे एकक आहे, आणि ‘माझ्या घरी ही सेवा मिळत नाही’ अशी हरकत सामान्य माणूसही नोंदवू शकतो. मेळाची रडही तिथे आहेच: त्याच वर्षी त्यांच्या संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने मोजलं, तेव्हा इंटरनेट पोहोचवण्याला पैसे देऊ शकणाऱ्या शंभरहून जास्त योजना १५ यंत्रणांकडे विखुरलेल्या निघाल्या. आपण त्यांच्याकडून हरकतीची सोय तेवढी उचलावी. आपल्याकडच्या कुठल्याही यादीत ‘ही नोंद चुकीची आहे’ असं गावाला म्हणता येत नाही, आणि म्हटलं तरी किती दिवसांत ती दुरुस्त व्हायला हवी याचं बंधन कुणावर नाही.

‘ब्रॉडबँड’ची व्याख्याही लक्षात ठेवा. जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस वेग म्हणजे ब्रॉडबँड. त्याआधी ५१२ केबीपीएसला भागायचं. देशातल्या ब्रॉडबँड ग्राहकांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ग्राहक मोबाईलवरचे आहेत. त्यामुळे ‘तालुक्यात ब्रॉडबँड आहे’ हे वाक्य खरं असूनही तुमच्या शाळेतला व्हिडिओ अडकतो. ट्राय या आपल्या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार मोबाईल कंपन्यांना आपापल्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे ठेवावे लागतात. ते जरूर बघा. पण डोंगराच्या कुशीतल्या वाडीबद्दल नकाशापेक्षा वाडीतल्या माणसाचं ऐका.

आता नावांचा आणि कोडांचा गोंधळ. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण माझा निम्मा वेळ यातच जातो. एकाच गावाला २०११ च्या जनगणनेचा एक कोड, पंचायतराज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेचा, म्हणजे एलजीडीचा, दुसरा. शाळांच्या यू-डायस यादीची आणि महावितरणच्या फीडरची रचना आणखी वेगळी. कोड जुळत नाहीत म्हणून लोक नावं जुळवायला जातात, आणि तिथे आपला जिल्हा भल्याभल्यांना पाणी पाजतो. आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द पुणे शहरात, आंबेगाव तालुका भीमाशंकरकडे. वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव मावळ वेगवेगळे. कुणी ‘बु.’ लिहितं, कुणी ‘बुद्रुक’, आणि रोमन लिपीत तर एका गावाची चार स्पेलिंगं. वाड्यांना तर बहुतेक याद्यांमध्ये कोडच नाही, म्हणजे सरकारी संगणकाच्या लेखी तुमची वाडी वेगळी अशी अस्तित्वातच नाही.

हद्दी बदलल्या की आणखी मजा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. सूस, नऱ्हे, वाघोली यांच्या ग्रामपंचायती संपल्या. रस्त्याचा मालक बदलला, परवानगी देणारा बदलला, पंचायतीच्या नावावरची उपकरणं कुणाची हा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी जुन्या कोडाची नव्या प्रभागाशी सांगड घालून देणारी एक साधी यादी लागते. ती तारखेसह प्रसिद्ध करणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं, म्हणून जो तो आपापली बनवतो आणि कुणाचीही दुसऱ्याशी जुळत नाही.

परवानग्यांकडे येतो, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे. तालुक्याच्या गावापासून तुमच्यापर्यंतचा मार्ग धरा. सुरुवातीचा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, पुढचा जिल्हा परिषदेचा, मध्ये एखादा तुकडा ग्रामसडक योजनेचा, घाटात वनखातं, कुठे कालवा ओलांडायचा तर जलसंपदा, आणि खांबांवरून न्यायचं ठरलं तर महावितरण. कायद्याच्या पातळीवर परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. मे २०२२ पासून गतिशक्ती संचार पोर्टलवर अर्ज करता येतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्यावर आधारलेले मार्गाधिकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून केबल नेण्याच्या हक्काचे, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत आणि त्यांत निर्णयाला मुदत घालून दिली आहे. पण पोर्टल अर्ज पोहोचवतं. शाखा अभियंत्याने जागेवर जाऊन पाहणी करायची ती करावीच लागते.

आणि खरी मुदत ठरवतो तो पाऊस. आपल्या पश्चिम पट्ट्यात जूनपासून खोदाई बंद. पावसानंतरही रस्त्यालगतच्या खाचरांतला भात निघेपर्यंत शेतकरी खणू देत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणजे हातात राहतात ते नोव्हेंबर ते मे. अर्ज एकापाठोपाठ एक केले तर बांधकाम विभागाची परवानगी जानेवारीत हातात, वनखात्याची मे अखेरीस, तोवर पहिलीची मुदत संपत आलेली आणि आभाळ भरून आलेलं. पुढच्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा. कंपन्या पळून जातात त्या बहुतेक वेळा या दुसऱ्या वर्षात. त्यामुळे सगळे अर्ज एकाच दिवशी करा, आणि सर्वांत हळू चालणाऱ्या खात्यापासून मागे मोजत तो दिवस ठरवा.

मेळ का बसत नाही, यावर मी पुष्कळ बैठका ऐकल्या आहेत. माणसं वाईट नसतात. समन्वयाचं काम अंदाजपत्रकात नसतं, एवढीच गोष्ट आहे. जल जीवन मिशनचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये योजना जाहीर झाली आणि पुढे गावोगाव चर खणले गेले, अगदी घराच्या उंबऱ्यापर्यंत. फायबरला नेमकं हेच हवं असतं, कारण फायबरच्या कामात केबलपेक्षा खोदाई महाग. त्या चरातून एक रिकामा डक्ट, म्हणजे केबलसाठीची पोकळ नळी, टाकून ठेवला असता, तर पुढे कुणालाही केबल ओढता आली असती. का टाकला नाही? पाणीपुरवठ्याच्या उपअभियंत्याच्या अंदाजपत्रकात डक्ट ही बाबच नव्हती. बाब नाही तर दर नाही, दर नाही तर मोजमाप वहीत नोंद नाही, नोंद नाही तर बिल नाही. स्वतःच्या खिशातून डक्ट कोण टाकेल? शिवाय पाण्याचा पाइप फुटल्यावर दुरुस्तीत डक्ट तुटला तर जबाबदार कोण, हा त्याचा प्रश्नही रास्त होता.

म्हणून ‘सर्व विभागांनी समन्वय साधावा’ अशी वाक्यं इतिवृत्तात आली की मी पान उलटतो. रस्त्याच्या नव्या कामाच्या अंदाजपत्रकात ‘रिकामा डक्ट, अमुक मीटर अंतरावर चेंबर’ ही ओळ आली की समन्वय आपोआप होतो. २०२३ च्या कायद्यात सामाईक डक्टची कल्पना आहेच. ती जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात उतरवणं बाकी आहे.

माहितीचंही तेच. टाकलेली केबल नेमकी कुठून गेली याचा नकाशा ठेकेदाराने द्यायचा असतो. कागदावर १.६५ मीटर खोली सगळीकडे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात ती खोली सगळीकडे मिळत नाही, हे खणणाऱ्यालाही माहीत आणि तपासणाऱ्यालाही. मग दुसऱ्या कामाचा जेसीबी येतो आणि अर्ध्या मीटरवर केबल तोडतो. केंद्राने २२ मार्च २०२३ ला ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप सुरू केलं, खणण्याआधी त्या जागेतल्या केबल-पाइपांच्या मालकांना कळवण्यासाठी. चांगली सोय आहे, पण मालकाने आपली केबल खरी नोंदवली असेल तरच उपयोग.

खरी नोंद कशी मिळवायची? माझ्या अनुभवात एकच उपाय चालला: अनामत. रस्ता खणायच्या परवानगीसोबत कंपनी जी अनामत भरते, ती परत देताना अट घालायची की चर उघडा असतानाचे अक्षांश-रेखांशासह फोटो, खोलीची नोंद आणि मार्गाची डिजिटल फाईल आल्याशिवाय रक्कम सुटणार नाही. शिवाय लांबीतल्या काही ठिकाणी उलटतपासणी. हे जिथे मनापासून केलं, तिथे फायली आपणहून येऊ लागल्या. जिथे ‘माहिती सादर करावी’ एवढंच पत्र गेलं, तिथे काहीच आलं नाही. पुणे शहरात परवानगीपेक्षा जास्त खोदाई होते हे रस्त्याने चालणाऱ्यालाही माहीत आहे. त्यामागेही लांबी तपासून मगच पैसे सोडण्यातली ढिलाई आहे.

एक गट मात्र या सगळ्या नोंदींच्या बाहेर राहतो: स्थानिक केबलवाले. तुमच्या भागात आज ज्या कुणाच्या घरी बरं इंटरनेट असेल, ते बहुधा अशाच एखाद्या केबलवाल्याने खांबांवरून, झाडांवरून नेलेलं असेल. त्याचं जाळं कुठल्याही नकाशात नाही, कारण नकाशात आलं की खांबांचं थकलेलं भाडं आणि न घेतलेल्या परवानग्याही येतील. मी अधिकाऱ्यांना नेहमी सांगतो, एकदा मुदत द्या, जुनं उकरणार नाही म्हणा आणि नोंद करून घ्या. यावर सगळे सहमत नसतात. नियम पाळणाऱ्यांवर हा अन्याय आहे असं काहींचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. तरी हातातलं जाळं आंधळेपणाने तोडण्यापेक्षा मी हा अन्याय पत्करेन.

आता तुम्ही काय करायचं. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी सांगतो. वाडीत वीस घरं आणि मध्ये दरी असेल तर घरोघर फायबरचा हट्ट धरू नका. गावठाणापर्यंत फायबर आणि पुढे रेडिओ लिंक, म्हणजे बिनतारी दुवा, हेच परवडतं. गावठाणात दोनशे घरं सलग असतील तर फायबरच. कंपनीला किती ग्राहक मिळतील, रस्त्याचं नवं काम जवळच्या काळात निघणार आहे का, वनक्षेत्र किती, यावर बाकीचं ठरेल.

पहिलं काम तुमच्या हातातलं. स्वतःची यादी करा, वाडीनिहाय. घरं किती, शाळा-अंगणवाडी-उपकेंद्र कुठे, त्यांचे अक्षांश-रेखांश, आज कोणती सेवा मिळते आणि रात्री आठच्या सुमाराला मोजलेला वेग. प्रत्येक ओळीपुढे मोजल्याची तारीख आणि पंचायतीचा एलजीडी कोड टाका. स्वामित्व योजनेत ड्रोनने झालेली गावठाणाची मोजणी असेल तर घरांचा नकाशा आयता मिळेल. ती मोजणी गावठाणापुरतीच असते, वाड्या तुम्हालाच घालाव्या लागतील. ही यादी ग्रामसभेत मंजूर करून घ्या. मंजूर यादी बाजूला सारणं अधिकाऱ्याला जड जातं.

दुसरं, प्रश्न नेमका विचारा. ‘आमची पंचायत जोडलेली आहे का’ असं विचारलंत तर उत्तर ‘होय’ येईल. त्याऐवजी ‘गेल्या सहा महिन्यांत आमच्या पंचायतीची ओएनटी दरमहा किती तास चालू होती, दुरुस्तीच्या किती तक्रारी नोंदल्या गेल्या आणि देखभालीचा ठेकेदार कोण’ असं विचारा. माहिती अधिकारात विचारलंत तर तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याआधी तुमच्या पंचायतीचा दुवा बीएसएनएलकडे आहे की राज्याच्या महानेटकडे, एवढं तालुक्यातून काढून घ्या. नाहीतर अर्ज इकडून तिकडे फिरत राहील. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमात १,३९,५७९ कोटी रुपये, वलयाकार जोडणी म्हणजे एकीकडे केबल तुटली तरी दुसरीकडून चालणारी रचना, आणि दहा वर्षांची देखभाल धरलेली आहे. तुमची पंचायत त्या वलयात कधी येणार हेही त्याच अर्जात विचारा. सगळी पंचायत पुढच्या वर्षात येणार असेल, तर खासगी कंपनीसाठी आत्ता जिवाचं रान करण्यात अर्थ नाही.

तिसरं, जिल्ह्याकडे मागण्या थोड्या आणि तपासता येतील अशा ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दूरसंचार समिती असते, तिथे लेखी द्या. मी असतो तर तीनच मागितल्या असत्या: ‘जोडलेल्या’ऐवजी ‘गेल्या महिन्यात चालू’ पंचायतींचा तक्ता दरमहा प्रसिद्ध करावा, बांधकाम विभाग, जिल्हा परिषद आणि पाणीपुरवठा यांच्या मंजूर खोदकामांची एकत्रित यादी दरवर्षी पावसाळा संपायच्या आत लावावी, आणि नव्या रस्त्याच्या अंदाजपत्रकात रिकामा डक्ट धरावा. तिसऱ्या मागणीला पैशाची सबब येईल, म्हणून जिल्हा नियोजन समितीतल्या तुमच्या प्रतिनिधीलाही प्रत द्या.

वनखात्याबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये ज्या गावसुविधांसाठी वनजमीन देता येते, त्या यादीत वीज आणि दूरसंचार वाहिन्या आहेत. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस, या मुख्य अटी. हा रस्ता नेहमीच्या वनमंजुरीपेक्षा खूप जवळचा आहे, पण तो शासनाच्या व्यवस्थापनाखालच्या सुविधेसाठी आहे, खासगी कंपनीच्या वाहिनीसाठी नाही. त्यामुळे घाटातला तेवढा तुकडा सरकारी दुव्याचा भाग म्हणून नेता येतो का, हे आधी तपासा. तुमच्या मार्गात वनक्षेत्र नेमकं किती मीटर आहे आणि तिथे रस्ता वनखात्याचा आहे की बांधकाम विभागाचा, एवढं तलाठ्याकडून आणि वनपालाकडून काढून इथे लिहा. अर्ज कुठल्या क्रमाने आणि कुणाच्या नावाने करायचे ते त्यावरून सांगतो.